आजाऱ्याच्या उशाशी : ख्रिस्ती मंडळीची पहिली साडेतीनशे वर्षे



या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक, कवी आणि समीक्षक बोलून गेले. मी बेळगावात, शहापूर भागात 38 वर्षे होमिओपॅथीच्या गोळ्या देणारा डॉक्टर. विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला थांबवून विचारले, "डॉक्टर, तुम्ही जैन. चर्चचा इतिहास तुम्हाला कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण मधला भाग ऐकल्याशिवाय ते तुम्हाला पटायचे नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकतो. आपल्यापैकी अनेकांची कुलदैवते गोव्यात आहेत. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला का आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला का आली, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकले आहे. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चालले. त्यामुळे चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारीमागून आलेला धर्म उभा राहतो. ती आठवण खोटी नाही आणि ती पुसा असे मी म्हणणार नाही. पण आज मी बोलणार आहे ते त्याच्या बाराशे-पंधराशे वर्षे आधीच्या काळाबद्दल. तेव्हा या लोकांच्या हाती ना सत्ता होती, ना सैन्य, ना जमीनजुमला. उलट राजसत्ता त्यांच्यावर उठली होती. तरीही ते वाढले. का वाढले, एवढाच माझा प्रश्न आहे.

किती वाढले? त्या काळी खानेसुमारीत धर्म विचारत नसत, म्हणून पक्का आकडा कोणाकडेच नाही. रॉडनी स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1996 साली एक अंदाज मांडला. इसवी सन 40 च्या सुमारास हजारभर माणसे धरली आणि दर दहा वर्षांना 40 टक्के वाढ धरली, तर सन 300 पर्यंत संख्या साठ लाखांच्या पुढे जाते, म्हणजे साम्राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास. हा अंदाजच आहे, पण तो एक गोष्ट दाखवतो. एवढ्या वाढीला चमत्कार लागत नाही आणि सक्तीही लागत नाही. दर पिढीत शेजारी, नातेवाईक, ओळखीचे असे थोडे थोडे लोक येत राहिले की पुरते.

कारणे अनेक सांगितली जातात आणि ती खरी आहेत. रोमन रस्ते होते. पूर्व भूमध्य समुद्राच्या काठी सगळीकडे चालणारी ग्रीक भाषा होती. गावोगावी ज्यू लोकांची सभास्थाने होती आणि पौलासारख्या प्रचारकाला तिथे पहिले श्रोते मिळत. नको असलेली तान्ही मुले, विशेषतः मुली, उघड्यावर टाकून देण्याची त्या समाजातली रीत ख्रिस्ती लोकांनी मानली नाही. ही सगळी कारणे मान्य करून मी एकाच कारणावर बोलणार आहे, कारण ते माझ्या धंद्याच्या जवळचे आहे. ते कारण म्हणजे आजाऱ्याची शुश्रूषा.

सुरुवात यरुशलेममधल्या एका तक्रारीपासून करू. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती आली आहे. मंडळीत रोजच्या रोज विधवांना अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकूर सुरू केली की आमच्या विधवांना वगळले जाते आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळते. म्हणजे त्या धर्मातले अगदी सुरुवातीचे नोंदलेले भांडण कशावरून? जेवणाच्या पंगतीतल्या भाषावादावरून! आपण सीमाभागातले लोक. आमच्या घरात आजी कानडीत रागवायची आणि आई मराठीत समजूत घालायची. हे भांडण तुम्हाला मी वेगळे समजावून सांगायला नको. पण तोडगा पाहा. वाटपासाठी सात माणसे निवडली गेली आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात पळी दिली. तेव्हापासून अन्न आणि मदत वाटणे हे मंडळीचे नेमून दिलेले काम झाले. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा करायचे असे ते राहिले नाही.

पुढची दीडशे वर्षे हा धागा दिसत राहतो. सन 112 च्या आसपास बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागाचा राज्यपाल प्लिनी याने बादशहा ट्राजनला पत्र लिहून विचारले की या लोकांचे काय करू. माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्यांना मंडळीत 'सेविका' म्हणत, असे तोच लिहितो. ज्यांची समाजात कवडीची किंमत नव्हती, त्यांच्याकडे इथे पद होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन रोममधून सांगतो की रविवारी जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगातले लोक यांच्यासाठी जाते. 197 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात टर्टुलियन एका पेटीबद्दल लिहितो. महिन्याला ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकायचे, सक्ती नाही, आणि त्यातून गरिबांचे अंत्यविधी करायचे, पोरक्या मुलांना आणि म्हाताऱ्या नोकरांना सांभाळायचे. आपल्याकडच्या भिशीसारखी ही पेटी, फक्त यात आपला नंबर लागण्याची वाट कोणी पाहत नव्हते.

251 साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो. 46 धर्मगुरू, 7 डीकन म्हणजे सेवक, आणखी काही पदाधिकारी, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या 1500 हून अधिक विधवा व गरजू माणसे. युसेबियस या इतिहासकाराने ते पत्र जपून ठेवले म्हणून ते आपल्याला वाचता येते. त्यातल्या 1500 च्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो. आकडा देता येतो याचा अर्थ यादी होती. कोण कुठे राहते, कोणाला काय लागते, हे कोणीतरी लिहून ठेवत होते.

आता साथींकडे येऊ. 165 साली रोमन सैन्य पूर्वेकडच्या पार्थियन युद्धातून परतले आणि येताना रोग घेऊन आले. गेलेन या वैद्याने लिहिलेल्या लक्षणांवरून ती बहुधा देवीची साथ असावी. गेलेन हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला वैद्य. पुढे हजार वर्षांहून अधिक काळ युरोपचे आणि युनानीचे वैद्यक त्याच्या ग्रंथांवर चालले. 166 साली तो रोम सोडून आपल्या पर्गामम गावी गेला. साथीला भिऊन गेला की रोममधल्या वैद्यांच्या हेव्यादाव्याला कंटाळून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी त्याच्यावर दगड मारणार नाही. का, तेही सांगतो.

एप्रिल 2021. दुसरी लाट. मी साठी ओलांडलेला, त्यात मधुमेह. मुलगी पुण्याहून फोनवर रडत होती. मी दवाखान्याचे शटर ओढले ते 19 दिवस उघडले नाही. त्या दिवसांत माझे एक जुने रुग्ण, निवृत्त मास्तर, तापाने फणफणले. त्यांची पत्नी रात्री नऊ वाजता आमच्या दाराशी आली. मी वरच्या खिडकीतून बोललो. ऑक्सिजन तपासा, सरकारी दवाखान्यात न्या, पाणी पाजत राहा, असे सांगितले. सल्ला बरोबर होता. पण त्या बाईंना त्या वेळी सल्ला नको होता, कोणीतरी जिना उतरून खाली यायला हवे होते. मास्तर वाचले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या दोन मुलांनी त्यांना रिक्षात घालून नेले आणि पुढे दहा दिवस त्या घरी पेज आणि पाणी पोचवले. माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी तो आजार हटला असता, असे मी म्हणत नाही. प्रश्न गोळ्यांचा नव्हताच.

त्या बंद दिवसांत मी साथींच्या इतिहासावरची पुस्तके वाचू लागलो आणि त्यांत मला सिप्रियन भेटला.

सिप्रियन हा कार्थेजचा. श्रीमंत, वक्तृत्व शिकवणारा, मोठ्या लोकांत ऊठबस असलेला. प्रौढ वयात ख्रिस्ती झाला आणि दोन-तीन वर्षांतच बिशप. लगेच, 250 साली, बादशहा डेसियसचे फर्मान आले की प्रत्येकाने देवांना बळी वाहावा आणि अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. आपल्या तहसील कचेरीतल्यासारखेच ते कागद : अमुक गावचा अमुक, आमच्यासमोर बळी वाहिला, सही. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी वाहिला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. काही तुरुंगात गेले, काही मेले. आणि बिशप सिप्रियन? तो गाव सोडून लपून बसला. लपल्या जागेवरून पत्रे पाठवून मंडळी सांभाळत राहिला, पण रोमहून टोमणा आलाच की मेंढपाळ कळप सोडून गेला. वर्षभराहून अधिक काळ तो बाहेर होता. 251 मध्ये परतला तेव्हा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल, याची कल्पना मला करता येते.

परतल्यावर पुढच्याच वर्षी कार्थेजमध्ये साथ पोचली. साम्राज्यात ती साधारण 249 पासून फिरत होती. सिप्रियनने तिची लक्षणे लिहून ठेवली आहेत : न थांबणारे जुलाब, उलट्या, ताप, घशात व्रण, रक्ताळलेले डोळे. काहींचे हातपाय सडत, काही बहिरे किंवा आंधळे होत. रोग कोणता, यावर आजही एकमत नाही. त्याने लिहून ठेवले म्हणून तिला आज 'सिप्रियनची साथ' म्हणतात.

लोक घरातल्या आजाऱ्यांना सोडून पळत होते. या वेळी सिप्रियन पळाला नाही. त्याचा डीकन पोंटियस याने त्याचे चरित्र लिहिले, त्यात सांगितले आहे की त्याने मंडळीला एकत्र बोलावले आणि कामे वाटून दिली. पैसेवाल्यांनी पैसे द्यायचे, गरिबांनी अंगमेहनत द्यायची. आणि शुश्रूषा आपल्याच माणसांची करून थांबायचे नाही, कारण आपल्यांवर प्रेम तर सगळेच करतात. आदल्याच वर्षी ज्यांनी त्यांना छळले, त्यांच्याही घरी जायचे. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने याच काळातल्या साथीचे असेच वर्णन केले आहे. सेवा करताना त्याचे कित्येक धर्मगुरू, डीकन आणि साधे लोक मेले.

नुसत्या शुश्रूषेने काय होते, असे तुम्ही विचाराल. डॉक्टर म्हणून सांगतो, पुष्कळ होते. जुलाब-उलट्यांचा रोगी बहुतेकदा अंगातले पाणी गेल्याने मरतो. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगावला छावणी होती. तिथे कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाणी, मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाजायला दिले आणि ते पाजण्याचे काम बरेचसे नातेवाइकांनीच केले. तिथला मृत्युदर 30 टक्क्यांच्या आसपास होता तो 4 टक्क्यांच्या खाली आला. तिसऱ्या शतकात हे मिश्रण कोणाला ठाऊक नव्हते. पण घोटघोट पाणी, पातळ पेज, अंग पुसणे, कपडे बदलणे एवढ्यानेही जे वाचण्याजोगे असतात त्यांतले बरेच वाचतात. स्टार्कचा तर्क हाच आहे. ख्रिस्ती घरांत जास्त माणसे वाचली, त्यांनी सेवा केलेले शेजारीही वाचले, आणि वाचलेल्या शेजाऱ्याला आपल्याला पाणी कोणी पाजले हे आठवत राहिले.

डायोनिसियस आणि पोंटियस दोघेही त्याच पक्षाचे, तेव्हा त्यांनी केलेली स्तुती जशीच्या तशी घेऊ नये. म्हणून विरोधकांची साक्ष काढू. लूशियन हा दुसऱ्या शतकातला विनोदी लेखक ख्रिस्ती लोकांची भोळसट म्हणून टर उडवतो. पण टर उडवताना सांगतो की त्यांच्यातला एक जण तुरुंगात पडला, तर भल्या पहाटे विधवा आणि पोरकी मुले दाराशी येऊन बसत आणि लांबलांबच्या शहरांतून लोक मदत घेऊन येत. आणि 361 ते 363 या काळात राज्य करणारा बादशहा ज्युलियन, ज्याला जुना धर्म परत आणायचा होता, तो एका पुजाऱ्याला लिहितो की आपल्या पुजाऱ्यांनी गरिबांकडे दुर्लक्ष केले आणि ही संधी त्या गालीलवाल्यांनी साधली. हेतूबद्दल तो शंका घेतो, कामाबद्दल नाही. न्यायाने हेही सांगायला हवे की रोमन लोक निष्ठुर नव्हते. रोममध्ये नागरिकांना धान्य वाटले जाई आणि सैनिकांसाठी दवाखाने होते. पण धान्य नागरिकाला मिळे, दवाखाना सैनिकाला मिळे. यांतला कोणी नसलेल्या आजाऱ्याचे काय, याची व्यवस्था नव्हती.

आता दुसरा प्रश्न, आणि मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. डेसियसच्या फर्मानाला भिऊन ज्यांनी बळी वाहिला, ते छळ थांबल्यावर परत आले. आम्हाला आत घ्या म्हणाले. रोममधला नोव्हेशियन हा विद्वान धर्मगुरू म्हणाला, कदापि नाही. दुसऱ्या टोकाला काही जण म्हणत होते, झाले गेले विसरा, उद्यापासून या. सिप्रियनने कार्थेजमध्ये बिशपांची परिषद भरवली आणि मधला मार्ग काढला. प्रत्येकाची वेगळी चौकशी करायची. नुसता दाखला घेणारा आणि बळी वाहणारा यांना एका मापाने मोजायचे नाही. प्रायश्चित्त घ्यायला लावायचे, आणि प्रायश्चित्त घेणाऱ्याला दार बंद करायचे नाही. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागल्यावर प्रायश्चित्त घेणाऱ्या सगळ्यांना आत घेतले. नोव्हेशियनची कडक मंडळी काही शतके टिकली, पण मुख्य प्रवाह सिप्रियन आणि कॉर्नेलियस यांच्या वाटेने गेला. फक्त कधीच न डगमगलेल्यांचा समाज करायचा ठरवला असता, तर तो छोटाच राहिला असता.

स्वतः सिप्रियन पुढच्या छळात पकडला गेला आणि 14 सप्टेंबर 258 रोजी कार्थेजमध्ये, आपल्याच लोकांच्या डोळ्यांदेखत, त्याचे शिर उडवण्यात आले.

313 साली कॉन्स्टंटाइनच्या काळात या धर्माला मोकळीक मिळाली. त्यानंतर शुश्रूषेला इमारती मिळाल्या. आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीबाहेर, तेव्हाच्या कैसरियात, बिशप बेसिलने 370 नंतरच्या काही वर्षांत आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरू यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. रोममध्ये चौथ्या शतकाच्या अखेरीस फाबिओला नावाच्या श्रीमंत बाईने रुग्णालय काढले आणि स्वतःच्या हाताने जखमा धुतल्या. जेरोमने तिच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या पत्रावरून हे कळते. या फाबिओलाने पहिला नवरा सोडून दुसरे लग्न केले होते, आणि मंडळीच्या दृष्टीने ते पाप होते. तिने सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घेतले आणि त्यानंतर रुग्णालय काढले. म्हणजे तीही परत आलेल्यांपैकीच.

मग पुढे काय बिघडले? 380 साली बादशहा थिओडोसियसने हा राजधर्म केला. 385 च्या सुमारास प्रिसिलियन या ख्रिस्ती बिशपला ख्रिस्ती राजवटीतच देहदंड झाला. सव्वाशे वर्षांपूर्वी जे दाखले मागणाऱ्यांपुढे उभे होते, त्यांचेच वारस आता दाखले मागू लागले. गोव्यापर्यंतचा रस्ता तिथून सुरू होतो. पण दुसरा रस्ताही बंद पडला नाही. आपल्या शेजारी मिरजेला डॉ. वानलेस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले आणि त्यांच्या मिशन हॉस्पिटलमध्ये बेळगावातल्या किती घरांतली माणसे जाऊन आली, ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही रस्ते एकाच घरातून निघाले, हे आपण दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मान्य करावे.

आता मला रस्त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. आमच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा अंतरंग तपे सांगितली आहेत. त्यांत पहिले प्रायश्चित्त आणि तिसरे वैयावृत्त्य, म्हणजे सेवा. ती कोणाची करायची त्यांच्या यादीत 'ग्लान', म्हणजे आजारी, हा शब्द स्पष्ट आहे. लहानपणी पाठशाळेत ही नावे मी घडाघडा म्हणायचो. प्रायश्चित्त आणि शुश्रूषा एकाच यादीत का, हे कळायला मला साठी उलटावी लागली आणि कार्थेजचा एक बिशप भेटावा लागला. आपल्या घरातली वस्तू कधी कधी शेजाऱ्याच्या घरात पाहिल्यावर ओळखू येते.

विसाव्या दिवशी मी शटर वर केले. बाकावर पहिल्या बसल्या होत्या त्या मास्तरांच्या पत्नी. गुडघेदुखीचे औषध हवे होते. खिडकीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता उघडलंत ना?" एवढेच. तेव्हापासून संध्याकाळी दवाखाना बंद केल्यावर गल्लीतल्या चार घरी मी जाऊन येतो. फी घेत नाही, बहुतेक वेळा औषधही देत नाही.

शेवटी तुमच्याकडे एक मागणे आहे. आपली घरे इथे चार-पाच पिढ्यांची. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी. आपल्या सभासदांच्या वहीत वर्गणी कोणाची राहिली हे लिहिलेले असते. त्याच वहीत आणखी एक पान घाला : सत्तरीपुढचे कोण, एकटे कोण, आजारी पडल्यास कोणी जायचे. रोमच्या मंडळीकडे 1500 नावे होती. आपली पन्नास निघतील. पुढची साथ येईल तेव्हा यादी करायला वेळ नसेल. आणि मागच्या वेळी जे जिना उतरले नाहीत, त्यांचीही नावे जाणाऱ्यांत लिहा. पहिले माझे लिहा.